बेळगावहून कोलोनला: वार्धक्याच्या संशोधकाचे स्थलांतर आणि काळाचे हिशेब

शरीर म्हातारे का होते आणि ते होणे लांबवता येते का, या प्रश्नावर प्रयोगशाळेत काम करणाऱ्या संशोधकाचे परदेशी स्थलांतर इतर शास्त्रज्ञांच्या स्थलांतरापेक्षा थोडे वेगळे असते. आमच्या प्रयोगाला किती काळ लागेल हे आम्ही ठरवत नाही. ते त्या प्राण्याचे आयुष्य ठरवते. सी. एलिगन्स हा जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा सूत्रकृमी दोन ते तीन आठवडे जगतो. आफ्रिकेतला टर्क्वॉइज किलिफिश हा मासा चार ते सहा महिन्यांत म्हातारा होऊन मरतो. प्रयोगशाळेतला उंदीर दोन ते तीन वर्षे जगतो. पीएच.डी. नंतरच्या नोकरीचा पहिला करार मात्र बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचाच असतो. म्हणजे उंदरांच्या आयुर्मानावर काम करायला आलेल्या संशोधकाचा करार पुष्कळदा उंदरांच्या आधी संपतो. २०२२ मध्ये मी बेळगावहून जर्मनीत कोलोनला गेले, तेव्हा ही गोष्ट मला कोणी सांगितलेली नव्हती. आपल्या भागातून, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडून आता जी मुले-मुली या विषयात येत आहेत, त्यांना ती आधी कळावी म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

माझे प्राथमिक शिक्षण खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत झाले, पुढचे बेळगावात टिळकवाडीत आणि नंतर धारवाडला. पीएच.डी. बंगळूरला केली आणि तिथेच सूत्रकृमींशी गाठ पडली. १९९३ मध्ये सिंथिया केनियन यांच्या गटाने डॅफ-२ या एकाच जनुकात बदल असलेले कृमी नेहमीच्या दुपटीहून अधिक जगतात असे दाखवले, आणि आयुष्याची लांबी जनुकांच्या हातात काही प्रमाणात असते हा विचार तेव्हापासून रुजला. आमचे रोजचे काम याच परंपरेतले होते. २० अंश तापमानाला ठेवलेल्या बश्या सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायच्या, प्लॅटिनमच्या बारीक तारेने प्रत्येक कृमीला हलकेच स्पर्श करायचा, हलला तर जिवंत, पुन्हा पुन्हा स्पर्श करूनही हलला नाही तर मेला असे मोजायचे आणि वहीत लिहायचे. शेवटचा कृमी मरेपर्यंत हे दिवसाआड चालते. सणवार असो की घरचे लग्न, मोजणी चुकवता येत नाही. या कामाची मला मनापासून गोडी लागली ती आजतागायत टिकून आहे.

कोलोन हे या विषयाचे युरोपातले मोठे केंद्र आहे. मॅक्स प्लांक संस्थेने वार्धक्याच्या जीवशास्त्रासाठी २००८ मध्ये तिथे स्वतंत्र संस्था स्थापन केली, विद्यापीठाचे सेकॅड हे वार्धक्यजन्य आजारांवरचे केंद्र तिच्या शेजारीच आहे, आणि पूर्वेकडे येना शहरात लायब्निझ परिवारातली फ्रिट्झ लिपमन संस्था याच विषयाला वाहिलेली आहे. कोलोनमधल्या एका प्रयोगशाळेने मला कृमींकडून किलिफिशकडे येण्याची संधी देऊ केली. मुलाखत संगणकावरून झाली, होकार आठवडाभरात आला, आणि शास्त्राची बाजू तिथे जवळजवळ संपली.

त्यानंतर कागदांची बाजू सुरू झाली. त्यात जन्माचा दाखला सर्वांत अवघड ठरला. आमच्याकडे पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते. माझ्या आईचे माहेर चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रातल्या कोल्हापूर जिल्ह्यात, आणि सासर खानापूर तालुक्यात, म्हणजे कर्नाटकात. नात्यागोत्याच्या दृष्टीने हा एकच मुलूख आहे. लग्ने जुळवताना राज्याची सीमा कोणी विचारात घेत नाही. पण त्यामुळे माझा जन्म एका राज्याच्या दप्तरात, शाळा दुसऱ्या राज्याच्या दप्तरात, एकाचा मजकूर मराठीत आणि दुसऱ्याचा कन्नड-इंग्रजीत, अशी स्थिती होती. सीमाभागातल्या कितीतरी घरांत ती आहे.

आजोळच्या ग्रामपंचायतीत ग्रामसेवकांनी कपाटातून जाड नोंदवही काढली. पाने कडेला पिवळी पडून तुटत होती, म्हणून ते एकेक पान दोन्ही हातांनी उलटत होते. माझी नोंद सापडली. तारीख होती, आई-वडिलांची नावे होती, खबर देणारा म्हणून आजोबांचे नाव होते, लिंगाच्या रकान्यात ‘मुलगी’ असे लिहिलेले होते. नावाचा रकाना मात्र कोरा होता, कारण नोंद बारशाच्या आधी झालेली होती. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे आणि त्याखालच्या नियमांप्रमाणे बाळाचे नाव नंतरही घालता येते, पण त्याला १५ वर्षांची मुदत असते. शासनाने जुन्या नोंदींसाठी ती मुदत वाढवून दिलेली असल्याने माझे काम झाले. पुरावा म्हणून मी खानापूरच्या शाळेचा दाखला दिला. त्यावरचा हाताने भरलेला मजकूर मराठीत होता, तो त्यांना वाचता आला. शिक्का आणि छापील मथळा कन्नडमध्ये होता, त्याचे नोटरी केलेले भाषांतर जोडावे लागले. ज्यांचे आजोळ सीमेपलीकडे आहे, त्यांनी पीएच.डी. चालू असतानाच, सुट्टीत गावी आले असताना ही नोंद एकदा पाहून घ्यावी. नेमणुकीचे पत्र हातात आल्यावर धावाधाव करण्याचे हे काम नव्हे.

दुसरा प्रश्न नावाचा होता. एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या, मार्क्स कार्डावर माझे आडनाव आधी आणि वडिलांचे नाव आद्याक्षरात आहे, पदवीच्या प्रमाणपत्रावर तिन्ही नावे पूर्ण आहेत, आणि पासपोर्टवर वडिलांचे नाव माझ्याच नावाला जोडून आलेले आहे. शिवाय १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बदलल्यामुळे जुन्या कागदांवर बेळगाव आणि नव्या कागदांवर बेळगावी असे दोन प्रकार झाले. हे सगळे एकाच व्यक्तीचे व एकाच ठिकाणचे आहे असे एक प्रतिज्ञापत्र बेळगावच्या न्यायालय आवारात करून घेतले. तिथले कन्नडभाषक टंकलेखक काका माझ्याशी अस्खलित मराठीत बोलत होते. त्यांनी मजकूर वाचून आपणहून सुचवले, “वडिलांच्या नावाचं स्पेलिंग पण घाला बाई, तिकडं तेच धरून बसतात.” त्यांच्या त्या एका वाक्याने पुढे कोलोनमध्ये माझा फार त्रास वाचला.

भारत २००५ पासून अपोस्टिल कराराचा सभासद आहे, त्यामुळे अनेक देशांत आपले कागद एका शिक्क्यावर चालतात. पण जर्मनीने भारताच्या बाबतीत हरकत नोंदवलेली असल्यामुळे तिथे तो शिक्का पुरेसा होत नाही आणि गरज पडल्यास तिथल्या कचेऱ्या जर्मन दूतावासामार्फत कागदांची स्वतंत्र पडताळणी मागवू शकतात. अशा पडताळणीला महिने लागतात. म्हणून मूळ कागद आधीच एकमेकांशी जुळते असणे, हा यावरचा एकमेव खरा उपाय आहे. व्हिसासाठी कर्नाटकातल्या लोकांना बंगळूरला जावे लागते. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी तिथे उतरायचे, काम आटोपून रात्रीच्या गाडीने परत, असा आपल्याकडचा शिरस्ता आहे. व्हिसाचे काम मात्र सुरळीत झाले, कारण यजमान संस्थेने संशोधकासाठीचा स्वतंत्र करार करून दिलेला होता आणि जर्मन कायद्यात संशोधकांसाठी वेगळा निवास परवाना आहे. त्या परवान्याचा एक मोठा लाभ असा, की पती किंवा पत्नीला जर्मन भाषेची परीक्षा न देता सोबत येता येते आणि आल्यावर कोणतीही नोकरी करता येते.

हा लाभ आमच्या दृष्टीने निर्णायक होता. माझे पती उद्यमबागेतल्या एका कारखान्यात हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या तपासणीचे काम पाहत होते. बेळगावच्या फाउंड्री आणि हायड्रॉलिक्सच्या कामाला मान आहे, आणि ते सोडून केवळ पत्नीची सोबत म्हणून परदेशी जायचे हे त्यांच्या आई-वडिलांना पटणे सोपे नव्हते. सासऱ्यांनी मला सरळ विचारले, “तुझं काम होईल ग, पण त्याचं काय?” हा प्रश्न रास्त होता आणि माझ्या मते प्रत्येक यजमान संस्थेने तो उमेदवाराच्या आधी स्वतःला विचारला पाहिजे. आमच्या संस्थेच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाने तो विचारला होता. त्यांनी पतीचा जीवनवृत्तांत जर्मन पद्धतीने लिहून घेतला आणि त्यांची अभियांत्रिकी पदवी जर्मनीत मान्य आहे का हे त्यांच्या अधिकृत यादीत तपासून दिले. कायद्याने परीक्षा नको असली तरी कारखान्यात भाषेवाचून चालत नाही हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. पतींनी बेळगावातूनच ऑनलाइन वर्ग सुरू केला. आज ते कोलोनजवळच्या एका पंप बनवणाऱ्या कारखान्यात आहेत.

कोलोनला पोहोचल्यावर राहण्याचा पत्ता दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाचे लेखी पत्र लागते. त्या नोंदणीवाचून कर क्रमांक येत नाही, आणि तो नसेल तर पगारातून जास्तीचा कर कापला जातो. संस्थेने सुरुवातीच्या काळासाठी अतिथिगृहात खोली दिलेली असल्याने आमचे हे काम सुलभ झाले. आरोग्यविमा, बँक, परवाना ही पुढची कामे क्रमाने झाली. त्यांत विशेष सांगण्यासारखे काही नाही.

सांगण्यासारखे आहे ते संस्थेच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयातल्या बाईंनी पहिल्याच भेटीत केलेले काम. त्यांनी एक मोठा आडवा कागद टेबलावर पसरला आणि त्यावर वर्षांच्या उभ्या रेघा ओढल्या. मग एका ओळीत माझ्या करारातला काळ रंगवला आणि त्याखाली निवास परवान्याची मुदत. त्याखाली पीएच.डी. मिळाल्याची तारीख मांडून तिथपासून कोणत्या पाठ्यवृत्तीला कधीपर्यंत अर्ज करता येतो ते लिहिले. चौथी ओळ मोकळी ठेवून त्यांनी विचारले, “तुमचा मासा किती जगतो?” मी सांगितले. नव्या जातीचे मासे वाढवून पुरेशी संख्या जमायला लागणारा काळ, आयुर्मानाचा एक प्रयोग, त्याची दुसऱ्यांदा खातरजमा, निबंध लिहिणे आणि छापून येणे, हे सगळे आम्ही दोघींनी मिळून त्या ओळीत बसवले. प्रयोगाचा निष्कर्ष येतो त्याच सुमारास करार संपतो, हे त्या कागदावर उघड दिसत होते. तो कागद मी दुसऱ्या दिवशी माझ्या प्रमुखांपुढे ठेवला आणि वर्षभराची वाढ आधीच लिहून मागितली. त्यांनी ती दिली. वार्धक्याच्या संशोधकाला खरी मदत म्हणतात ती ही. विमानतळावर न्यायला येणे हा चांगुलपणा आहे. पण प्राण्याचे आयुष्य, कराराचे आयुष्य आणि कायद्याची मुदत एकत्र मांडून देणे, यावर त्या माणसाची पुढची दहा वर्षे अवलंबून असतात.

त्याच कागदामुळे मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी पाठ्यवृत्तीचा अर्ज वेळेत झाला. युरोपीय आयोगाची ही पाठ्यवृत्ती कोणत्याही देशाच्या नागरिकाला खुली आहे, पण तिचे दोन नियम कडक आहेत. मी अर्ज केला तेव्हा पीएच.डी. नंतरचा संशोधनाचा अनुभव आठ वर्षांहून अधिक चालत नव्हता, आणि अर्जाच्या मुदतीआधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांहून अधिक काळ घालवलेला चालत नव्हता. याचा अर्थ असा, की जर्मनीत येऊन ‘आधी स्थिरावू, मग अर्ज करू’ असे म्हणणाऱ्याचा जर्मनीतला हक्क पहिल्या वर्षातच जातो. अर्जाची मुदत साधारण सप्टेंबरात असते, त्यामुळे कोणत्या महिन्यात देशात पाऊल ठेवायचे यालाही महत्त्व येते. मी बंगळूरहून केलेल्या अर्जाला ८५ टक्क्यांच्या वर गुण मिळाले होते, निधी मात्र मिळाला नव्हता. अशा प्रस्तावांना ‘सील ऑफ एक्सलन्स’ हे प्रमाणपत्र मिळते, आणि त्याचा आधार घेऊन इतरत्र निधी मागता येतो. गुण ७० टक्क्यांच्या खाली असते तर त्याच संस्थेसह पुढच्या वर्षी अर्जच करता आला नसता.

कोलोनमध्ये आल्यावर मी तो प्रस्ताव नव्याने लिहिला. मुख्य भाग दहा पानांचा असतो. शास्त्रीय गुणवत्तेला ५० टक्के, परिणामाला ३० टक्के आणि अंमलबजावणीला २० टक्के भार असतो. आपण भारतात शिकलेले लोक पहिल्या भागावर सगळी ताकद लावतो आणि परिणामाच्या भागात ‘समाजाला उपयोग होईल’ इतके मोघम लिहून थांबतो. संस्थेच्या निधी विभागातल्या एका सहकाऱ्याने माझा तो भाग परत केला आणि विचारले की दोन वर्षांनी तुम्ही काय असाल, कोणते कौशल्य इथून घ्याल आणि कोणते इथे द्याल. मग मी लिहिले की कृमींवरच्या मोजणीची माझी पद्धत मी माशांच्या गटाला शिकवेन, माशांच्या ऊतींच्या अभ्यासाचे तंत्र शिकेन, आणि पुढे भारतातल्या वार्धक्य-संशोधनाशी ते जोडेन. हे शेवटचे वाक्य पोकळ नव्हते. २०१७-१८ मध्ये झालेल्या देशव्यापी वार्धक्य अभ्यासात ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोकांची माहिती गोळा झालेली आहे, आणि आपल्याच राज्यात कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुरा भागात ग्रामीण लोकांच्या मेंदूच्या वार्धक्याचा दीर्घकालीन अभ्यास बंगळूरच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चकडून चालू आहे. त्या वेळी पाठ्यवृत्ती मिळाली.

बंगळूरच्या माझ्या कृमींचे काय झाले, असे पुष्कळ जण विचारतात. सूत्रकृमींची ही मोठी सोय आहे: कोवळ्या अवस्थेतले कृमी उणे ८० अंशांना गोठवून वर्षानुवर्षे ठेवता येतात आणि पुन्हा जिवंत होतात. दोन्ही संस्थांत साहित्य हस्तांतराचा करार झाला आणि माझे वाण तिकडे पोहोचले. म्हाताऱ्या उंदरांचे असे होत नाही. दोन वर्षांचा केलेला उंदीर दुसऱ्या संस्थेत नेणे म्हणजे आरोग्य तपासण्या, विलगीकरण, आणि पुष्कळदा गेलेली दोन वर्षे. म्हणून उंदरांवर काम करणाऱ्याने संस्था बदलण्याचा निर्णय प्रयोगाच्या मध्यावर घेऊ नये.

आता एक गोष्ट, जी लिहिताना मला जड जाते. आम्ही म्हातारपणाचा अभ्यास करतो आणि आमचे स्वतःचे आई-वडील गावी म्हातारे होत असतात. माझ्या वडिलांच्या गुडघ्याचे दुखणे मी फोनवर ऐकते. पाहुण्यांच्या व्हिसावर ते १८० दिवसांत ९० दिवस राहू शकतात, त्याहून अधिक नाही. जर्मनीने १ मार्च २०२४ पासून कुशल कर्मचारी आणि संशोधकांना आई-वडिलांना, आणि पती-पत्नी सोबत असेल तर सासू-सासऱ्यांनाही, कायम बोलावण्याची वाट खुली केली आहे. पण ती त्या तारखेनंतर पहिला परवाना मिळालेल्यांसाठी आहे, आणि उत्पन्न व आरोग्यविम्याची हमी द्यावी लागते. माझा परवाना आधीचा असल्यामुळे मला ती मिळत नाही. नव्याने जाणाऱ्यांनी मात्र ही तरतूद पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावी. वृद्ध आई-वडिलांसाठी जर्मनीत विमा मिळवणे हा त्यातला खरा अडसर आहे, आणि यजमान संस्थांनी याबाबत माहिती गोळा करून ठेवली तर वार्धक्यावर काम करणाऱ्यांसाठी त्याहून मोठे काम दुसरे नसेल असे मला वाटते.

जर्मन कायद्याप्रमाणे पीएच.डी. नंतर मुदतीच्या कराराची मर्यादा साधारण सहा वर्षांची आहे. मूल असल्यास प्रत्येक मुलामागे ती दोन वर्षांनी वाढू शकते. त्या सहा वर्षांत स्वतःचा गट, कायम जागा किंवा परतीची वाट ठरवावी लागते. परत येणाऱ्यांसाठी आपल्या जैवतंत्रज्ञान विभागाची रामलिंगस्वामी पाठ्यवृत्ती आहे, आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने २०२४ मध्ये दीर्घायुष्यावरचा ‘लाँजेव्हिटी इंडिया’ हा उपक्रम सुरू केल्यापासून या विषयाला घरीही जागा निर्माण होऊ लागली आहे. माझा आडवा कागद भिंतीवर आहे आणि त्यात ही ओळ मी स्वतः वाढवली आहे.

गेल्या वर्षी निपाणीचा एक मुलगा फोनवर म्हणाला, “ताई, मला जर्मनीतून पत्र आलंय, उंदरांवरचं काम आहे.” मी अभिनंदन करून पहिला प्रश्न करार किती वर्षांचा हा विचारला. दोन वर्षांचा होता. उंदीर किती महिन्यांचे घेऊन सुरुवात करणार, ते प्रयोगशाळेत आधीपासून वाढवलेले आहेत का, हे त्याने विचारलेले नव्हते. आम्ही दोघांनी तसाच कागद तयार केला, त्याने तो प्रमुखांना पाठवला, आणि प्रयोगशाळेने तिसरे वर्ष लेखी दिले; शिवाय आधीच दीड वर्षाचे झालेले उंदीर त्याच्यासाठी राखून ठेवले. त्याचे आजोळ कागलचे, म्हणून जन्माची नोंद पाहून घ्यायला सांगितले. तिथे नाव होते. व्हिसाचे कागद बंगळूरला दिलेले आहेत. वडील निवृत्त शिक्षक आहेत, आईला मधुमेह आहे, आणि त्या दोघांना पुढे बोलावता यावे म्हणून कोणती विमा कंपनी कोणत्या अटींवर त्यांना घेईल याची चौकशी तो आतापासूनच करतो आहे.